पार्श्वभूमी : फुगलेल्या बॅटरीतलं कोबाल्ट

इंदूरच्या जेल रोडवर दुरुस्तीवाल्याने माझ्या फोनची पाठ उचकटली, तर आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. ‘भिया, ये तो गई,’ म्हणत त्याने प्लास्टिकच्या पट्टीने ती सोडवली आणि वाळूच्या डब्यात ठेवली. लेबलवर व्होल्ट, एमएएच, जोडणी कुठे झाली, सगळं छापलेलं होतं. आतलं कोबाल्ट कुठल्या खाणीतलं, तेवढं नव्हतं.

बहुतेक फोनच्या बॅटरीत लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने ते बॅटरीसाठी वापरून दाखवलं आणि १९९१ मध्ये सोनीने तशी बॅटरी बाजारात आणली. आज जगातलं सुमारे तीन-चतुर्थांश कोबाल्ट मध्य आफ्रिकेतल्या एकट्या काँगोतून (काँगो लोकशाही प्रजासत्ताक) येतं, तेही दक्षिणेकडच्या तांब्याच्या पट्ट्यातून. तिथे ते बहुतेक तांब्याबरोबर निघतं. त्यामुळे कोबाल्टची मागणी वाढली म्हणून खाण वाढत नाही, तांब्याचा भाव काय म्हणतो ते आधी पाहिलं जातं.

या पट्ट्याला पूर्वी कातांगा म्हणत. १९०६ मध्ये बेल्जियन भांडवलावर युनियन मिनिएर कंपनी निघाली आणि साठ वर्षं तिनेच इथली खनिजं नेली. बेल्जियमकडून स्वातंत्र्य मिळाल्यावर हुकूमशहा मोबुतूंच्या सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, त्यांची जेकामिन ही सरकारी कंपनी झाली. १९७८ मध्ये बंडखोर याच पट्ट्यातल्या कोल्वेझी या खाणींच्या शहरात घुसले आणि कोबाल्टचा भाव काही महिन्यांत कितीतरी पटींनी चढला. तेव्हा लाउडस्पीकरच्या चुंबकांत कोबाल्ट असायचं. कारखानदारांनी सरळ कोबाल्ट नसलेली फेराइटची चुंबकं वापरायला घेतली. कोबाल्ट सुटलं ते भावामुळे, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवायला हवं.

१९९० मध्ये कामोतोची मोठी खाण आतून ढासळली आणि जेकामिन बसत गेली. पगार थकले, तशी माणसं फावडी घेऊन स्वतःच खणायला लागली. २००२ च्या कायद्याने ठरावीक जागांपुरती अशी हातखणी मान्य केली. खणलं मात्र कुठेही गेलं. २०१४ मध्ये कोल्वेझीच्या कासुलो वस्तीत एकाला स्वतःच्या अंगणातच खनिज लागलं. मग घराघरांत खड्डे पडले. झोपायच्या खोलीची जमीन फोडायची, दोर बांधून खाली उतरायचं, पोती भरून वर काढायची. वरून पाहणाऱ्याला दिसायचं ते साधं घर.

पोत्यांचं पुढे काय होतं, ते समजून घ्यायला हवं, कारण जबाबदारी हरवते ती तिथेच. रस्त्याकडेच्या खरेदीदाराकडे दहा ठिकाणचा माल एका ढिगात पडतो. ढीग भट्टीत जातो, तिथे मोठ्या खाणीचा मालही येतो आणि मग शुद्ध करायला बहुतेक सगळा चीनमध्ये. तिथून पुढे कुठला कण कोणी काढला हे कोण सांगणार?

२०१६ च्या जानेवारीत अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने अहवाल काढला. सात वर्षांची मुलं खनिज वेचताना, धुताना सापडली होती, रोजचे एक-दोन डॉलर मिळवत. काँगोतल्या खनिजांबद्दल अमेरिकेने २०१० मध्ये कायदा केला होता, पण त्यात कथील, टंगस्टन, टँटलम आणि सोनं होतं. कोबाल्ट नव्हतंच. अहवालानंतर कंपन्यांनी धोरणपत्रकं काढली, तपासणीसांच्या फेऱ्या झाल्या. मला त्यांचं फार कौतुक नाही. २०१८ मध्ये भाव टनाला ९० हजार डॉलरच्या वर गेला, त्याच वर्षी काँगोने कोबाल्टला सामरिक खनिज ठरवून स्वामित्वधन (रॉयल्टी) १० टक्क्यांवर नेलं, आणि कोबाल्ट कमी करण्याची घाई खरी त्यानंतर दिसली. चुंबकांचीच गोष्ट पुन्हा.

यातून लोह-फॉस्फेटची बॅटरी पुढे आली. तिच्यात कोबाल्टही नाही, निकेलही नाही. २०२४ मध्ये जगातल्या विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत तिचा वाटा निम्म्याच्या आसपास पोहोचला. इंदुरात लिथियमवर चालणाऱ्या ज्या ई-रिक्षा दिसतात, त्यांत साधारण हीच असते. जोखीम मात्र संपली नाही, तिने फक्त घर बदललं. हे रसायन बनवण्याची विद्या मुख्यतः चीनकडे आहे आणि जुलै २०२५ मध्ये चीनने ती बाहेर देण्यावर निर्बंध घातले. तिकडे काँगोने पडलेला भाव सावरायला फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची निर्यातच थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला.

भारताने परदेशातली खनिजं मिळवायला २०१९ मध्ये काबिल ही सरकारी कंपनी काढली. २०२४ मध्ये तिने अर्जेंटिनात लिथियमचे पाच पट्टे घेतले. जम्मूतल्या रियासीच्या ५९ लाख टन लिथियम धातुकाचा २०२३ मध्ये मोठा गाजावाजा झाला, पण तो आकडा प्राथमिक अंदाजाचा होता. खाण अजून सुरू नाही.

निघताना मी त्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं, याचं काय करता? दुरुस्तीवाला म्हणाला, महिन्याला भंगारवाला येतो, किलोवर नेतो. ई-रिक्षाच्या बॅटरीपेक्षा फोनवालीला तो जास्त भाव देतो. का, ते मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.