रोग ट्रूपर

रोग ट्रूपर (इंग्रजी Rogue Trooper, म्हणजे ‘बंडखोर शिपाई’) : ‘२००० एडी’ या ब्रिटिश विज्ञानकथा साप्ताहिकातील एक युद्धविषयक चित्रमालिका व तिचा नायक. लेखक जेरी फिन्ली-डे आणि चित्रकार डेव्ह गिबन्स हे त्याचे निर्माते. ५ सप्टेंबर १९८१ ही तारीख असलेल्या २२८ व्या अंकात तो प्रथम अवतरला. युद्धासाठीच वाढवलेला, निळ्या कातडीचा हा क्लोन सैनिक आपल्या तुकडीचा घात करणाऱ्या सेनाधिकाऱ्याचा माग काढत सैन्यातून फरार होतो, हे मालिकेचे मूळ सूत्र. या साप्ताहिकातील पात्रांमध्ये लोकप्रियतेच्या दृष्टीने जज ड्रेडनंतर ज्या मोजक्या नायकांची नावे घेतली जातात, त्यांत रोग ट्रूपर येतो. क्लोन सैनिक ही कल्पना इतक्या गांभीर्याने राबवणारी चित्रमालिका त्याआधी क्वचितच सापडते.

कथेची भूमी ‘न्यू अर्थ’ नावाचा ग्रह. नॉर्ट (उत्तरेकडील) आणि साउदर (दक्षिणेकडील) या दोन सत्तांमधील दीर्घ युद्धात रासायनिक व जैविक अस्त्रांचा असा मारा झाला आहे, की तेथील हवा श्वास घेण्याजोगी राहिलेली नाही. दोन्ही बाजूंचे सामान्य सैनिक डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखात वावरतात. त्या पोशाखाला लहानशी चीर पडली तरी मरण ओढवते, त्यामुळे गोळी वर्मी लागण्याचीही गरज नसते. यावर तोडगा म्हणून साउदरांनी ‘जेनेटिक इन्फन्ट्रीमन’, म्हणजे जी.आय., तयार केले. त्यांची फुप्फुसे विषारी हवा पेलतात आणि बहुतेक विषे व रोगजंतू त्यांना बाधत नाहीत. ग्रहाभोवती फिरणाऱ्या ‘मिली-कॉम’ या लष्करी तळावर त्यांना लहानपणापासून केवळ लढण्याचे शिक्षण मिळते. क्वार्ट्झ झोन या भागात त्यांची पहिली मोठी तुकडी उतरवली जाते, तेव्हा शत्रू दबा धरून बसलेला असतो. साउदरांच्याच एका जनरलने बेत फोडलेला असतो. कत्तलीतून एकटा रोग वाचतो.

एकटा म्हणावे का, हा मात्र प्रश्न आहे, कारण मालिकेची सर्वांत अभिनव कल्पना इथेच येते. प्रत्येक जी.आय.च्या डोक्यात एक बायोचिप असते आणि मरणाच्या वेळी त्याचे व्यक्तिमत्त्व व स्मृती तिच्यात उतरतात. ही चिप साठ सेकंदांच्या आत काढून शस्त्रसामग्रीतील खाचेत बसवली तर तो सैनिक एका अर्थाने टिकून राहतो, आणि पुढे तळावर त्याला नवे क्लोन शरीर देता येते. रोग आपल्या तीन मृत सोबत्यांच्या चिप अशा वाचवतो. गनर त्याच्या बंदुकीत जातो, हेल्म हेल्मेटमध्ये आणि बॅगमन पाठीवरच्या पिशवीत. तिघेही बोलतात, वाद घालतात, सूचना देतात. गनर स्वतः नेम धरून गोळ्या झाडू शकतो. बॅगमन हवी ती वस्तू काढून देतो. हेल्म आजूबाजूची चाहूल घेतो. बायोचिपची तांत्रिक बाजू लेखकाने पुरेशी स्पष्ट केलेली नाही. खाचेत बसवल्यानंतर चिपला ऊर्जा कुठून मिळते, तिला किती काळ तग धरता येतो, अवजारात अडकलेल्या मनाला थकवा येतो की नाही, यांची उत्तरे प्रसंगाप्रमाणे बदलतात. चिप बिघडू शकते, एवढे मात्र कथेत ठामपणे येते. बॅगमनच्या चिपला इजा होऊन तो भ्रमिष्टासारखा वागू लागतो, तो भाग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जीव वाचवणारे यंत्रच इथे सोबत्याचे मन हिरावून घेते, आणि ज्या पिशवीवर रोग विसंबून असतो तिचाच त्याला भरवसा उरत नाही.

मालिकेच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. श्रेयाच्या बाबतीत फिन्ली-डे आणि गिबन्स यांची नावे जोडीने देण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. निळी कातडी, उघडी छाती, बोलणारी अवजारे हे सारे चित्रावाचून उभे राहिलेच नसते, आणि नुसत्या चित्रातून फितूर जनरलचा पाठलागही जन्माला आला नसता. मतभेद आहेत ते मुख्यतः हे युद्ध कोणत्या खऱ्या युद्धावर बेतले आहे याविषयी. एका मतानुसार हा दुसऱ्या महायुद्धाचा, विशेषतः त्याच्या पूर्व आघाडीचा, अवकाशातील अवतार होय. फिन्ली-डे यांची जडणघडण युद्धकथांच्या साप्ताहिकांत झाली होती. १९७५ साली निघालेल्या ‘बॅटल पिक्चर वीकली’साठी त्यांनी विपुल लिहिले. नॉर्टांच्या बोलण्यात आणि पोशाखात जर्मन छटा उघड दिसते, हा या मताचा मुख्य आधार. दुसरे मत अमेरिकेतील यादवी युद्धाकडे बोट दाखवते. उत्तर-दक्षिण अशी सरळ वाटणी आणि ‘डिक्स-आय फ्रंट’सारखी स्थलनामे (‘डिक्सी’ हे अमेरिकेतील दक्षिणी राज्यांचे टोपणनाव) त्याला पुष्टी देतात. मात्र ही नावे गमतीने योजलेली असण्याचा संभव अधिक, कारण गुलामगिरीसारखा त्या युद्धाचा गाभ्याचा प्रश्न नॉर्ट-साउदर संघर्षात कोणत्याच रूपाने येत नाही. काहींना व्हिएतनाम आठवते. पण व्हिएतनामची छाया असलेली अवकाश-युद्धमालिका, ‘द व्ही.सी.ज’, फिन्ली-डे यांनी १९७९ मध्येच याच साप्ताहिकात सुरू केली होती. तेच युद्ध त्यांनी इतक्या लवकर पुन्हा हाताळले असेल, हे जरा अवघड वाटते.

राहते ते पहिले महायुद्ध. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, तेव्हापासून ‘शत्रूपेक्षा हवा घातक’ हा अनुभव युरोपीय सैनिकांच्या वाट्याला आला. न्यू अर्थवरील मुखवटे, हलता न हलणारी आघाडी, चिखल व खड्ड्यांची ओसाड भूमी आणि मुख्यालयात सुरक्षित बसलेल्या अधिकाऱ्यांविषयीची चीड ही सारी त्या युद्धाची लक्षणे आहेत. पोशाख व बोली दुसऱ्या महायुद्धाची, पण भूमी आणि राग पहिल्याचा, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. २०२३ मध्ये लेखक गार्थ एनिस व चित्रकार पॅट्रिक गॉडर्ड यांनी ‘ब्लायटी व्हॅली’ या कथेत नायकाला थेट पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर नेऊन उभे केले. हा पुरावा उशिराचा असल्याने मूळ हेतूबद्दल त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण नायक तिथे परका वाटत नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

रोगला क्लोन म्हणावे की घडवलेला मानव, हाही एक वादाचा मुद्दा. काटेकोरपणे पाहता क्लोन म्हणजे जनुकीय नक्कल. जी.आय. मात्र कोणा एका विद्यमान माणसाची नक्कल नसून जनुकांत फेरफार करून आखलेला वाण आहे, आणि त्या वाणाच्या अनेक प्रती काढल्या जातात. म्हणजे आधी आराखडा, मग नकला. कथेत या दोन प्रक्रिया सरमिसळ होऊन येतात. या कल्पनेची वैज्ञानिक पार्श्वभूमी १९५० व १९६० च्या दशकांतील आहे. १९५२ मध्ये ब्रिग्ज व किंग यांनी बेडकाच्या भ्रूणपेशीतील केंद्रक अंड्यात बसवून डिंभ (टॅडपोल) वाढवले; पुढे जॉन गर्डन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डिंभाच्या आतड्यातील पेशींचे केंद्रक वापरले. त्याच वर्षी लंडनमध्ये झालेल्या एका परिसंवादासाठी जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी मानवाच्या पुढील दहा हजार वर्षांचा वेध घेणारा निबंध लिहिला. हाल्डेन तेव्हा भारताचे नागरिक झाले होते, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्या निबंधात मानवी क्लोनची चर्चा आहेच. शिवाय अवकाशप्रवासासाठी पाय नसलेली किंवा शेपटीने पकड घेणारी माणसे अधिक सोयीची ठरतील, असाही विचार आहे. परिस्थितीला जुळेल असे शरीर बनवायचे, हा जी.आय.चा पाया तिथे स्पष्ट दिसतो. फिन्ली-डे यांनी तो निबंध वाचला होता असे म्हणायला आधार नाही, पण १९८१ पर्यंत असे विचार विज्ञानकथेत सर्वत्र पसरले होते. क्लोन केलेल्या डॉली मेंढीचा जन्म १९९६ चा. ‘स्टार वॉर्स’मधील क्लोनसेना पडद्यावर आली ती २००२ मध्ये. या दोन्हींच्या कितीतरी आधी रोग ट्रूपर छापून आला होता.

चित्रांच्या बाबतीत गिबन्स यांचे आरंभीचे भाग आजही सर्वांत सरस ठरतात. साप्ताहिकाची बहुतेक पाने कृष्णधवल असल्याने नायकाचा निळा रंग वाचकाला मुख्यतः मुखपृष्ठावर आणि रंगीत पानांवरच दिसे. आतल्या पानांवर तो परकेपणा रेषेतूनच उभा करावा लागे. गिबन्स यांनी तो साधला विरोधातून. चौकटीतील प्रत्येक माणूस नळ्या, काचा आणि घड्या पडलेल्या पोशाखात गुंडाळलेला, आणि त्यांच्या मधोमध उघड्या छातीचा एक शिपाई शांतपणे श्वास घेत चाललेला. त्याच्याभोवती कोणी जिवंत माणूस नसतानाही चौकट संवादांनी भरून जाते. बोलण्याचे फुगे थेट बंदुकीतून, हेल्मेटमधून, पिशवीतून निघतात. फुग्याच्या शेपटीचे टोक एखाद्या निर्जीव वस्तूकडे वळलेले पाहून वाचक प्रथम दचकतो, आणि चार-सहा पानांतच त्या तिघांचे स्वभाव ओळखू लागतो. मृत मित्रांशी चाललेले हे बोलणे केवळ चित्रकथेलाच इतक्या सहजतेने साधते. गद्यात ते सतत समजावून सांगावे लागले असते. गिबन्स यांच्यानंतर न्यूझीलंडचे कॉलिन विल्सन यांनी भूप्रदेशाला बारीक तपशील दिला. स्कॉटिश चित्रकार कॅम केनेडी यांनी यंत्रे व चेहरे दोन्ही खडबडीत, झिजलेले दाखवले, आणि दीर्घकाळ चाललेल्या युद्धाचा शिणवटा त्यांच्याच पानांवर सर्वाधिक जाणवतो. ब्रेट एविन्स यांनीही काही भाग रेखाटले. वार्षिकांकांतील काही छोट्या कथा ॲलन मूर यांच्या आहेत.

नायकाचे मोठेपण त्याच्या ताकदीत शोधणारे लेखन पुष्कळ आहे, पण ते वरवरचे वाटते. जी.आय.चे शरीर लष्कराने घडवले, त्याचे मनही चिपमध्ये साठवून लष्कराने आपल्या ताब्यात ठेवले. मरण ही सैनिकाची अखेरची सुटकाही त्याला उरली नाही. मेल्यावर तो पुन्हा भरती होणार. इतक्या पूर्णपणे दुसऱ्याच्या मालकीचा असलेला माणूस जेव्हा हुकूम मोडतो, तेव्हा त्याला स्वतःसाठी काहीच नको असते. त्याला मेलेल्या सोबत्यांचा न्याय हवा असतो, आणि तिघांना पुन्हा शरीर मिळेपर्यंत त्यांना सांभाळायचे असते. हे त्याने कोणाकडून शिकलेले नाही. शिकवणीत तर नेमके उलटे होते. भविष्यातील महानगरात पोलीस व न्यायाधीश या दोन्ही भूमिका बजावणारा जज ड्रेडही क्लोनच, त्या न्यायव्यवस्थेचे संस्थापक जज फार्गो यांचा. तो मात्र ज्या व्यवस्थेने घडवले तिचाच आवाज बनतो. एकाच साप्ताहिकात शेजारी शेजारी वावरलेले हे दोघे क्लोन एकत्र वाचले, तर घडवणाऱ्याशी घडवलेल्याचे नाते किती वेगवेगळे असू शकते हे स्पष्ट होते. ज्या वाचकांनी लहानपणी केवळ धडाकेबाज युद्धकथा म्हणून ही मालिका वाचली, त्यांतील अनेकांच्या मनात ती टिकून राहिली ती याच कारणाने.

फितूर जनरलचा शोध संपल्यावर, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून, मालिकेची वाट हरवली. परग्रहांवरील मोहिमा आणि नंतर मारेकरी म्हणून दिलेल्या कामगिऱ्या यांतून तिला मूळ तीव्रता पुन्हा गवसली नाही. १९८९ मध्ये ६५० व्या अंकापासून गिबन्स यांनी, या वेळी लेखक म्हणून, ‘वॉर मशीन’ ही नव्याने मांडणी केली. विल सिम्पसन यांच्या रंगचित्रांतील हा नायक फ्रायडे नावाचा वेगळा जी.आय. आहे. त्यात गप्पिष्ट अवजारे नाहीत, युद्ध अधिक रक्तरंजित आहे आणि शस्त्रविक्रेत्यांचा स्वार्थ मध्यवर्ती आहे. स्वतंत्र कृती म्हणून ती उत्तम. फ्रायडेच्या पुढील कथा इतरांनी लिहिल्या व त्यांचा दर्जा उतरला. १९९० च्या दशकात दोन्ही नायकांची कथानके सांधण्याचा प्रयत्न झाला, पण त्यातून गुंताच वाढला.

याच विश्वातील इतर कथांत व्हीनस ब्लूजीन्स या स्त्री जी.आय.च्या साहसांचा समावेश होतो. गॉर्डन रेनी व सायमन कोल्बी यांची ‘येगर’ (२०१४ पासून) नॉर्टांच्या बाजूने युद्धगुन्ह्यांचा तपास करणाऱ्या अधिकारी स्त्रीची कथा सांगते. शत्रूपक्षाला माणूसपण देणारी ही मालिका मूळ कल्पनेचा सर्वांत समर्थ विस्तार होय. २०१४ मध्येच आयडीडब्ल्यू या अमेरिकी प्रकाशनाने चार अंकांची आवृत्ती काढली.

पात्रावर आधारलेले संगणकीय खेळ १९८६, १९९१ व २००६ मध्ये आले. त्यांतील २००६ चा खेळ रिबेलियनने तयार केला. ही संस्था २००० सालापासून ‘२००० एडी’ची मालक आहे. त्या खेळाची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. डंकन जोन्स यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट निघणार असल्याची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि तो ॲनिमेशनपट म्हणून हाती घेण्यात आला. जुने भाग ‘टेल्स ऑफ न्यू-अर्थ’ या संकलित खंडांत उपलब्ध असून आरंभ पहिल्या खंडापासून करणेच इष्ट, कारण गिबन्स व विल्सन यांचे काम त्यात आहे.