शिकारी पक्ष्यांची शरदातील मोजदाद : हॉक माउंटन

शरद ऋतूत उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले गरुड, ससाणे, बाज, भोवत्या यांसारखे शिकारी पक्षी एकाच जागेवरून, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजत राहण्याचा उपक्रम. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॉक माउंटन या डोंगरावर तो १९३४ पासून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ एवढाच खंड पडला. शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराची इतकी लांब नोंदवही जगात दुसरीकडे नाही.

मोजणीची सुरुवात बंदुकांमुळे झाली. शिकारी पक्षी म्हणजे उपद्रव, अशी त्या काळी समजूत होती आणि पेनसिल्व्हेनिया सरकार तर गॉसहॉक या मोठ्या बाजावर पाच डॉलरचे इनाम देत असे. शिकारी लोक सुट्टीच्या दिवशी डोंगरमाथ्यावर जमत आणि जवळून जाणारे पक्षी टिपून खाली पाडत. पक्षिनिरीक्षक रिचर्ड पो यांनी १९३२ मध्ये झाडाखाली ओळीने मांडलेल्या मृत पक्ष्यांची छायाचित्रे काढली. ती पाहून रोझली एज या न्यूयॉर्कच्या बाईंनी १९३४ मध्ये सुमारे १,४०० एकर डोंगर भाडेपट्ट्याने घेतला आणि राखणीसाठी मॉरिस ब्राऊन व त्यांच्या पत्नी इर्मा यांना नेमले. इर्मा वाटेवर उभ्या राहून बंदूकवाल्यांना परत पाठवत. मॉरिस माथ्यावर बसून पक्षी मोजत. संरक्षण आणि मोजणी ही दोन्ही कामे अशी एकाच घरातून सुरू झाली, हे मुद्दाम सांगायला हवे.

पक्षी याच डोंगरावरून का जातात, याचे उत्तर वाऱ्यात आहे. थंड हवेची लाट पुढे सरकली की वायव्येचा वारा हॉक माउंटन ज्या रांगेत आहे त्या किटाटिनी डोंगररांगेवर आपटून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर पंख पसरले की पक्ष्याला फारसे कष्ट न घेता मैलोनमैल तरंगता येते. रुंदपंखी बाज मात्र तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेवर जास्त विसंबतो. सप्टेंबरच्या मध्यात त्याचे थवेच्या थवे गोल घिरट्या घालत वर चढतात.

हे फिरते थवे हीच मोजणाऱ्याची खरी परीक्षा. घिरट्या घालणारे पक्षी मोजायला गेले की तोच पक्षी दोनदा, तीनदा मोजला जातो. म्हणून थांबायचे. वर गेलेला पक्षी पंख किंचित आवळून दक्षिणेकडे घसरू लागतो, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, आणि थव्याची रांग होते. या रांगेवर दुर्बीण रोखून हातातल्या मोजणीयंत्राची कळ दाबत जायचे. सप्टेंबर १९७८ मध्ये एकाच दिवशी असे २१,००० हून अधिक पक्षी मोजले गेले. ओळख पटते ती बहुधा रंगावरून नव्हे, आकारावरून आणि उडण्याच्या ढबीवरून : ससाण्याचे पंख टोकदार, मासे पकडणाऱ्या कैकराचे (ऑस्प्रे) कोपरात मुडपलेले, तर छोटे बाज चार-पाच वेळा पंख मारून मग तरंगतात. माथ्यावर काठीला घुबडाची प्रतिकृती बांधलेली असते. तिच्यावर झडप घालायला छोटे बाज अगदी जवळ येतात. १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर हा हंगाम; दर तासाला पक्ष्यांबरोबर वारा, ढग आणि तापमानही लिहिले जाते. सोनेरी गरुड पाहायचा तर नोव्हेंबरच्या थंडीत बसावे लागते.

एका वर्षाच्या आकड्याला फारशी किंमत नाही. वारा बदलला की तोही बदलतो. किंमत आहे ती सलगतेला. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या बाल्ड ईगल या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांपैकी ४० टक्के पक्षी वर्षाच्या आतले, सर्वांगाने काळपट होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले, आणि १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू दिसले. म्हातारे गरुड जगत होते, पण त्यांची अंडी फळत नव्हती. जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या पुस्तकात हे आकडे डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध पुरावा म्हणून मांडले. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि आता बाल्ड ईगल येथे हंगामात शेकड्यांनी दिसतात.

अशी मोजणीची ठाणी पुढे अनेक देशांत उभी राहिली. मेक्सिकोतील व्हेराक्रूझ येथे एका हंगामात लाखो पक्षी मोजले जातात, तर जॉर्जिया या देशातील बातुमी येथे २००८ पासून मोजणी होते. भारतात नागालँडच्या दोयांग जलाशयावर अमूर ससाण्यांची प्रचंड गर्दी जमते. २०१२ मध्ये तेथील शिकारीची बातमी बाहेर आल्यावर गावांनीच ती थांबवली. उपग्रह-यंत्रे बसवलेले काही ससाणे महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे गेल्याचे पुढे दिसले.

हॉक माउंटनची वही अजून लिहिली जात आहे. तिच्यात सध्या चिंतेचा रकाना अमेरिकन केस्ट्रेल या छोट्या ससाण्याचा आहे. त्याची संख्या गेली अनेक वर्षे उतरणीला लागली आहे.