मिक्सर नळातल्या दोन चकत्या आणि केसाएवढी फट

मागच्या आठवड्यात आमच्या किचन सिंकचा मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळून देणारा नळ, गेला. गेला म्हणजे हँडल कितीही दाबा, टप टप सुरूच. शेजारच्या काकूंनी लगेच सांगितलं की गळक्या नळातून लक्ष्मी जाते, ईशान्येला असला तर जास्तच जाते. लक्ष्मीचा हिशोब आपल्याला जमत नाही पण पाण्याचा जमतो, सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांचा १ मिली धरला तर दिवसाला ४.३ लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. दिशा कोणतीही असो, थेंब तेवढाच.

मग प्लंबर आला. त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, टाकी मोठी बसवून घ्या न, प्रेशर येऊन जाईल, मग कोणताबी मिक्सर चालते." हा गैरसमज इतका पक्का आहे की आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही एकदा निघाला होता. नळाला प्रेशर मिळतं ते टाकीतलं पाणी नळापेक्षा किती उंचावर आहे त्यावर, टाकी ५०० लिटरची की ५ हजारची याच्याशी काही घेणंदेणं नाही. १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार म्हणजे प्रेशरचं माप). आमचा फ्लॅट नागपूरच्या मानेवाड्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी नळापासून जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे ०.३ बार, बस. खालच्या मजल्यावर तेच पाणी दणकून येतं. दुकानात लटकवलेले कितीतरी शोभिवंत मिक्सर अर्धा ते एक बार मिळेल असं धरून बनवलेले असतात, ते आमच्याकडे लावले की नुसती करंगळीएवढी धार. म्हणून नळ बघायला जायच्या आधी मेजर टेप घेऊन गच्चीवर जा.

आता माझ्या आवडीचा भाग. जुना मिक्सर फेकायच्या आधी मी त्याचं कार्ट्रिज, म्हणजे हँडलखाली बसणारा पाणी उघडबंद करणारा भाग, खोललं (बायको म्हणाली, झालं, आता स्वयंपाक बेसिनवर). आपल्या लहानपणीच्या पितळी नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असायचं, नळ पिळला की ते खाली जाऊन भोकावर बसायचं. जितकं जोरात पिळाल तितकं रबर चेपायचं आणि चेपून चेपून फाटायचं. सिंगल लिव्हर मिक्सरमध्ये तसं रबर नसतं. आत असतात दोन सिरॅमिकच्या चकत्या, एकीवर एक. खालची हलत नाही, तिला तीन भोकं, गरम, थंड आणि बाहेर जाणारं. वरची लिव्हरसोबत सरकते, तिच्या पोटात एक खोलगट जागा असते, ती ज्या भोकांवर येईल ती भोकं आपसात जोडली जातात. लिव्हर वर-खाली केली की किती पाणी ते ठरतं, डावी-उजवी केली की गरम-थंडाचं प्रमाण. एका हँडलची ही आयडिया जुनी आहे, अमेरिकेत अल्फ्रेड मोएनचे हात १९३७ मध्ये दोन हँडलच्या नळाखाली भाजले आणि १९४७ मध्ये त्याचा एका हँडलचा नळ बाजारात आला, त्यात चकत्या नव्हत्या, पण डोकं तेच.

पण मग रबर नाही तर पाणी थांबतं कसं? दोन कडक वस्तू एकमेकींवर ठेवल्या तर मध्ये फट राहणारच. राहतेच, फक्त ती फट भयंकर बारीक असते. चकत्या अॅल्युमिनाच्या, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या, आणि घासून घासून मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास सपाट केलेल्या. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज करा. आणि बारीक फटीतून पाणी किती जातं हे फटीच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं. घन म्हणजे तीनदा गुणाकार. फट दुप्पट तर गळती आठपट, फट दहापट तर गळती हजारपट. मी आमच्या ०.३ बारसाठी कागदावर काढून बघितलं, ३ मिमी रुंद काठ आणि ३० मिमी घेर धरून, फट अर्धा मायक्रॉन असेल तर दिवसभरात पाव मिली, म्हणजे पाच थेंब. ५ मायक्रॉन केली की पाव लिटर. ५० मायक्रॉन, म्हणजे अजून केसापेक्षा कमीच, की २७० लिटर! त्यात वर सिलिकॉन ग्रीस भरलेलं असतं, मग ते पाच थेंबही येत नाहीत. सपाटी तपासतात ती एका रंगाच्या प्रकाशाने, वर सपाट काच ठेवली की पट्टे दिसतात आणि एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत फट अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे ०.३ मायक्रॉनने बदलते, पट्टे वाकडे तितकी चकती वाकडी. यात गंमत म्हणजे चकत्या फारच गुळगुळीत केल्या तर एकमेकींना चिकटून बसतात आणि लिव्हर हलत नाही, म्हणून मुद्दाम थोडा खडबडीतपणा ठेवावा लागतो.

बरं, मग आमचा का गेला? वाळूने चकती घासली असं प्लंबरचं मत. पण वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कडकपणाच्या मोह्स मापात ७, अॅल्युमिना ९, ती हिला ओरखडत नाही. खालच्या चकतीमागे मात्र एक रबर असतं, चकती आणि नळ यांच्यातली फट बंद करणारं, ते फाटलेलं होतं आणि काठावर पांढरे थर. आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पेंच धरणाचं पाणी येतं पण उन्हाळ्यात बोअरही मिसळतात, बोअरच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट गरम झालं की कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि चुन्याचा थर बसतो, म्हणून गिझरच्या बाजूला थर जास्त. यावर पाइपला लावायचे लोहचुंबक विकतात, ते घेऊ नका. लिंबू नाहीतर व्हिनेगर पुरतं. बाथरूमचं अॅसिड मात्र लावू नका, क्रोमची वाट लागते.

इतवारीच्या बाजारात नवा नळ घ्यायला गेलो तेव्हा चकाकी बघितलीच नाही. कार्ट्रिज किती मिमीचं, ३५ की ४०, आणि ते सुटं मिळतं का, एवढंच विचारलं, कारण पुढे बदलायचं तेच आहे. हातात तोलून बघितला, पितळ झिंकच्या मिश्रधातूपेक्षा बरंच जड लागतं. भिंतीतल्या दोन कनेक्शनमधलं अंतर मोजून नेलं होतं, सहा इंच. टोकाची जाळी काढता येते हेही बघितलं, ०.३ बारला ती काढूनच ठेवावी लागते. बसवायच्या आधी पाइप मोकळे सोडून दोन बादल्या पाणी वाहू दिलं, कचरा रबरात अडकू नये म्हणून.

आता तक्रार एकच. लिव्हर मध्यावर राहिली की भांडी विसळतानाही निम्मं पाणी गिझरमधून येतं आणि लाइट बिल वाढतं. आणि मे महिन्यात तर निळ्या खुणेकडे गच्चीवरच्या टाकीचं उकळतं पाणी येतं. तेव्हा आई गिझर बंद ठेवून लिव्हर लाल खुणेकडे फिरवते, घरातल्या त्या गिझरमध्ये रात्रभर मुरलेलं गार पाणी असतं. पहिले तीन लिटर.