‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’: हा फरक आला कुठून?

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यातली सरकारी शाळा, म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे त्या मुलाची सही आहे, आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. इंग्रजीत या दिवसाला ‘हिस्टॉरिक’ म्हणायचं, कारण त्याने पुढचा इतिहास घडवला. त्याच रजिस्टरातल्या बाकीच्या नोंदी ‘हिस्टॉरिकल’: गतकाळाच्या, अभ्यासाला उपयोगी, पण एकेकटी घेतली तर गाजलेली एकही नाही. आपण मराठीत दोन्हींना ऐतिहासिक म्हणून मोकळे होतो, आणि मग इंग्रजी लिहिताना हमखास गल्लत होते.

इंग्रजांनाही हा फरक आयता मिळालेला नाही. मुळाशी ग्रीक ‘हिस्टोरिया’ आहे, म्हणजे चौकशी, शोध. लॅटिनमार्गे ‘हिस्टॉरिकल’ पंधराव्या शतकात इंग्रजीत रुळला, ‘हिस्टॉरिक’ मागाहून आला. तेव्हा शेवटी ‘इक’ लावा की ‘इकल’, अर्थ तोच राहायचा. क्लासिक-क्लासिकल, इकॉनॉमिक-इकॉनॉमिकल या जोड्याही तशाच सैल होत्या. वापरता वापरता त्यांनी कामं वाटून घेतली: एक अर्थव्यवस्थेबद्दल बोलू लागला, दुसरा काटकसरीबद्दल. १९२६ साली इंग्रजी कोशकार फाउलर यांनी आपल्या शब्दवापराच्या कोशात स्पष्ट लिहिलं की नेहमीचा शब्द ‘हिस्टॉरिकल’, आणि इतिहासात ज्याची जागा पक्की झाली त्यालाच ‘हिस्टॉरिक’ म्हणावं.

आपल्या सातारा जिल्ह्याला हा भेद फार लागू पडतो, असं मला मनापासून वाटतं. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला तो वाईत हाती लागलेल्या कागदांवरून. इतिहास संशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जन्मभर जमवलेल्या कागद-चित्रांसाठी १९२५ साली साताऱ्यात उभं राहिलं ते ‘हिस्टॉरिकल म्युझियम’. नाव अगदी नेमकं होतं. मोडीतली पत्रं, हिशेब, यादी असं दप्तर रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या पडून असतं; त्यातलं एखादंच पान ‘हिस्टॉरिक’ ठरतं. पण फक्त तेवढंच पान जपलं, तर ते कशामुळे मोठं हे सांगणारे कागद हातचे जातात. पारसनीसांचा हा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, आणि तो आजही अभ्यासकांच्या कामी येतो.