मातीचं धरण गळणारच, पण येणारं पाणी नितळ आहे का गढूळ?

मुंबईतल्या माणसाने कर्जत, मुरबाड नाहीतर शहापूरकडे दोन एकर जागा घेतली की एक-दोन पावसाळ्यांत त्याला तळं हवंसं वाटतं. जागेतून ओहोळ जात असतोच, जेसीबीवालाही तयार असतो, मग मे महिन्यात दोन दिवसांत मातीचा बांध पडतो आणि जुलैत ग्रुपवर फोटो येतात. ऑगस्टमध्ये त्याच ग्रुपवर घाबरा मेसेज, "बांधाच्या पायथ्याला पाणी झिरपतंय, काय करू?"

झिरपणारच हो. मातीचं कुठलंही धरण थोडंफार पाझरतंच. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला विहार तलाव मातीच्याच बांधांनी अडवलाय, १८६० पासून उभा आहे. त्याचं काम सुरू झालं १८५६ साली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी फ्रान्समध्ये हेन्री डार्सी या इंजिनिअरने वाळूतून पाणी किती वेगाने जातं त्याचा नियम छापला. सोप्या भाषेत, पाण्याच्या पातळीतला फरक जितका जास्त तितका पाझर जास्त, आणि पाण्याला मातीतून जितकं लांब जावं लागेल तितका तो कमी. म्हणून मातीचं धरण बुडाशी ऐसपैस असतं. तीन मीटर उंच बांधाला माथा दोन मीटर, पाण्याकडे एकास तीन उतार (मीटरभर उंचीला तीन मीटर आडवं) आणि कोरड्या बाजूला एकास दोन धरला, तर बूड सतरा मीटर रुंद होतं. शनिवार-रविवारात उरकलेला बांध बघा, सहा-सात मीटरचं बूड आणि भिंतीसारखा उभा, कारण डिझेल वाचवलेलं असतं.

खरा घोळ पाणी माती बरोबर घेऊन यायला लागलं की होतो. पाझर कोरड्या बाजूला जिथे बाहेर पडतो तिथला एखादा कण सुटतो, मग त्याच्या मागचा, असं करत नळी उलट्या दिशेने, तलावाकडे वाढत जाते, आणि ती जेवढी आत सरकते तेवढा उरलेला रस्ता आखूड होतो, म्हणजे वेग वाढतो, म्हणजे कण अजून पटापट सुटतात. इंजिनिअर याला पायपिंग म्हणतात. पायथ्याशी उकिडवं बसून पाहिलं तर ते दिसतंसुद्धा. बारीक मातीचं गोल कडं, मधे बुडबुडणारं पाणी, त्यात नाचणारे कण. ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन तासभर ठेवायचं. तळाशी काही बसलं नाही तर ठीक, नुसतं लक्ष ठेवा. गाळ बसला तर पाण्याची पातळी हळूहळू उतरवायची आणि जाणत्या इंजिनिअरला बोलवायचं. तोवर बरेचजण करतात तसा चिकणमातीचा बोळा त्या भोकात कोंबू नका, आतलं पाणी दुसरीकडून वाट काढतं. वर जाडसर वाळूचा थर, त्यावर खडी. पाणी जाऊ द्यायचं, कण अडवायचा, मातीच्या इंजिनिअरिंगमधला जाणता कार्ल तर्झाघी, त्याने फिल्टरचे नियम बसवले ते याच तत्त्वावर.

आता खेकडे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं. महाराष्ट्रभर त्याची टर उडाली ती बरोबरच होती, कारण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या असं बातम्यांत येत होतं. पण लहान बांधाच्या बाबतीत बिळं ही थट्टा नाही. खेकडा, घूस, वाळवी, सगळेच पाझराचा रस्ता आखूड करतात, सतरा मीटर बुडाच्या बांधात फरक कमी पडतो, सहा मीटर बुडाच्या बांधात दोन हातांचं बीळ म्हणजे मोठी गोष्ट. झाडाचंही तसंच, मूळ मेलं-कुजलं की त्याजागी आयती नळी. त्यामुळे बांधावर फक्त गवत ठेवायचं, तेही कापून, म्हणजे भोक दिसतं. आंबा, बांबू, हौसेची बोगनवेल काही नको.

आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट! एक हेक्टर पाणलोटावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला तर तासात दहा लाख लिटर होतात, सेकंदाला साधारण २७८ लिटर. पाच हेक्टर असेल तर पाचपट. सहा इंची पाइप घालून "ओव्हरफ्लो केलाय" म्हणणाऱ्यांना २६ जुलै २००५ आठवत नाही बहुतेक, त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. पाणी मातीच्या माथ्यावरून गेलं की बांध बघता बघता चिरत जातो. सांडवा बाजूच्या पक्क्या जमिनीत, रुंद आणि उथळ हवा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, १० ते १५ मधल्या काहींना लागतो, तुमच्या तीन मीटरकडे बघायला कोणी येणार नाही. खाली पाड्यावर घरं असली तर हे नीट ध्यानात घ्या.

बांध असा बोडका ठेवला, मग पक्षी-बेडकांनी जायचं कुठे? बांधाच्या समोरच्या टोकाला, जिथे ओहोळ आत शिरतो तिथे. उतार एकदम लांबडा ठेवायचा. उन्हाळ्यात नुसत्या उन्हाने दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडतं, डिसेंबर ते मे मिळून जवळजवळ मीटरभर पातळी उतरते, आणि लांबड्या उतारावर मीटरभर म्हणजे चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. तिथेच ढोकरी, तुतारी हे पक्षी दिसायला लागतात. हळदीकुंकू बदकही येतं, चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके, नावच तसं पडलंय. बांधाजवळची खोली अडीच-तीन मीटर असेल, आणि तळ फार झिरपत नसेल, तर मे अखेरपर्यंत पाणी टिकतं.

पहिल्या पावसात पिवळेजर्द झालेले बेडूक ओरडायला बसतात ते मात्र या मोठ्या पाण्यापेक्षा बाजूच्या उथळ डबक्यांत जास्त, कारण तिथे मासे नसतात. म्हणून एक-दोन डबकी मुद्दाम वेगळी ठेवा. तिलापिया आणून सोडू नका, डासांसाठी म्हणून गप्पीही नको, दोघंही बेडकांची अंडी-पिल्लं सोडत नाहीत. डासांच्या अळ्यांना चतुराची पिल्लं खातात, आणि चतुर न बोलावता येतात. मासेही येतात म्हणा, ओहोळ नदीला लागत असला आणि सांडव्यावरचा उतार चढण्यासारखा असला तर वळगणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे प्रवाहाविरुद्ध चढतात तेव्हा, स्वतःच चढून वर येतात.