अडतीस क्युसेकचा श्वास

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) असतो, आणि तोही हजारांत. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात, मात्र ३८ क्युसेक हा आकडा धोक्याचा आहे. तिथल्या बार्टन स्प्रिंग्ज या झऱ्याचा प्रवाह इतका उतरला की परिसरातल्या परवानाधारक बोअरवेलना उपसा २० टक्क्यांनी कमी करावा लागतो, २० क्युसेकवर आला की ३० टक्क्यांनी. विहिरी आटू नयेत हा हेतू आहेच, पण या हिशेबात बोटाएवढा एक प्राणीही धरलेला आहे.

बार्टन स्प्रिंग्ज सॅलॅमँडर. दिसतो पालीसारखा, पण नातं बेडकाशी. १९९३ मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली आणि १९९७ मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीत गेला. बेडूकमासा मोठा होताना कल्ले गमावतो. हा मात्र जन्मभर बेडूकमासाच राहतो, डोक्यामागे लाल कल्ल्यांचे झुबके मिरवत. फुप्फुसं नाहीतच. श्वास घ्यायचा तो कल्ल्यांतून आणि कातडीतून.

‘झरा वाहतोय ना, मग झालं!’ असं आपल्याला वाटतं. पण झरा आटण्याच्या कितीतरी आधी हा प्राणी गुदमरू लागतो. मला या गोष्टीत सर्वांत जास्त रस आहे तो इथेच.

आपल्याकडे भूजल बसाल्टच्या भेगांत आणि मुरमात साठतं. ऑस्टिनखाली चुनखडक आहे, आणि पाण्याने तो विरघळवून त्यात भुयारं कोरली आहेत. ओढ्यांच्या पात्रातल्या विवरांतून पावसाचं पाणी थेट खाली उतरतं, सोबत विरघळलेला ऑक्सिजन घेऊन. खाली अंधार, म्हणून शेवाळ नाही, म्हणून नवा ऑक्सिजनही नाही. जी शिदोरी वरून आली तीच, आणि वाटेत जिवाणू ती खात राहतात. पाऊस चांगला असेल तर पाणी झटपट झऱ्याशी पोचतं आणि लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन शिल्लक असतो. दुष्काळात बाहेर येतं ते जुनं, रेंगाळलेलं पाणी. त्यात शेजारच्या खाऱ्या पट्ट्यातलं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणीही मिसळतं. मग आकडा ४ च्या घरात उतरतो.

यावर दुसरा फटका बसतो तो विसरणाचा, म्हणजे जास्त असलेल्या ठिकाणाहून कमी असलेल्या ठिकाणी आपोआप पसरण्याचा. कल्ल्याला चिकटून पाण्याचा एक स्थिर थर असतो आणि ऑक्सिजनला तो ओलांडूनच रक्तात जावं लागतं. ओलांडण्याचा वेग पाणी आणि रक्त यांतल्या ऑक्सिजनच्या फरकाच्या सम प्रमाणात, तर थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. प्रवाह मंदावला की थर जाड होतो, म्हणजे अंशही घटला आणि छेदही वाढला! शिवाय संथ पाण्यात गाळ बसतो आणि गोट्यांमधल्या ज्या फटींत हा प्राणी राहतो त्या बुजतात.

टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०४ मध्ये भूजलाची हालचाल गूढ आणि अदृश्य ठरवून जमीनमालकाला हवा तेवढा उपसा करायची मोकळीक दिली. हातावर नारळ उभा राहिला की ‘इथे खोदा’ म्हणणारे आपले पाणाडे तरी काय वेगळं सांगतात? गूढ काही नसतं. ओढ्यात रंग सोडून तो झऱ्यात कधी उगवतो हे तिथे मोजलेलं आहे. कित्येक किलोमीटरचं अंतर पाणी काही दिवसांत कापतं. डांबरी पार्किंगवर ओघळलेलं तेलही त्याच वाटेने येणार, हे ओघानेच आलं. दगडी कोळशाच्या डांबराचा लेप पार्किंगवर द्यायला ऑस्टिनने २००६ पासून बंदी घातली ती उगाच नव्हे.

गंमत म्हणजे या झऱ्यावर शहराचा पोहण्याचा तलाव आहे आणि तो बंद केलेला नाही. दर गुरुवारी सफाई होते, क्लोरीनशिवाय.

शहराने सॅलॅमँडरची बंदिस्त पैदासही ठेवली आहे. झऱ्यातली गणती मात्र पाण्यात उतरून, गोटे उचलून करावी लागते. दुष्काळात एकेकदा जवळपास काहीच हाती लागत नाही आणि पाऊस झाल्यावर आकडा पुन्हा चढतो. मधल्या काळात त्यातले किती मेले आणि किती भुयारात सरकले, हे गोटे उचलून कळत नाही.