पावतीवर छापलेले कार्डाचे आकडे आणि अमेरिकेतली भरपाई : क्लेम नेमका कुठे अडकतो

‘त्या दुकानात मीही कार्डाने पैसे दिले होते’ एवढ्या भरवशावर भरलेले क्लेम सगळ्यात आधी बाद होतात. वाक्य खरंच असतं, फक्त ते पुरेसं नसतं. पावतीवर कार्डाचे जादा आकडे छापले म्हणून अमेरिकेत दुकानावर सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकच खटला होतो, दुकान तडजोड (‘सेटलमेंट’) करून एक रक्कम देतं, आणि तिच्यातला वाटा मागण्याचा अर्ज म्हणजे क्लेम. अमेरिकेत राहणारे, शिकायला किंवा नोकरीसाठी राहून परतलेले अनेक मराठी लोक असे फॉर्म भरतात. नकार आला की ‘सगळी फसवणूक आहे’ म्हणून सोडून देतात. फसवणुकीचे प्रकारही असतात, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. पण बहुतेक नकारांमागे एखादा न वाचलेला शब्द असतो.

आधी कायदा थोडक्यात. २००३ साली अमेरिकेत ‘फॅक्टा’ नावाचा कायदा झाला. त्यानुसार यंत्रावर छापून ग्राहकाच्या हातात दिलेल्या पावतीवर कार्ड क्रमांकाचे शेवटचे पाचपेक्षा जास्त आकडे किंवा कार्डाची एक्स्पायरी तारीख छापता येत नाही. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. शेवटचे चारच आकडे आहेत, पण शेजारी एक्स्पायरीही आहे, तरी तो भंगच. पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे छापले, मधले फुल्यांनी झाकले, तरीही भंगच. पहिले सहा आकडे कार्ड कुठल्या बँकेचं एवढंच सांगतात, त्यातून कुणाचं काय बिघडणार, असा युक्तिवाद दुकानदार करतात. कायद्याच्या शब्दांत मात्र पाचाच्या वर गेलं म्हणजे गेलं.

जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने भंग केला असेल तर प्रत्येक ग्राहकाला १०० ते १००० डॉलर भरपाई, अशी तरतूद आहे. हाच आकडा बातमीत येतो आणि लोक हजाराची वाट पाहत बसतात. खटला निकालापर्यंत जाऊन जिंकला तरची ती रक्कम आहे. सेटलमेंटमध्ये मिळतो तो वाटा, आणि तो फारच लहान असू शकतो.

तुम्ही ‘क्लास’मध्ये आहात का?

ग्राहकांना सेटलमेंट कळवणाऱ्या नोटिशीत ‘सेटलमेंट क्लास’ची, म्हणजे भरपाई मागू शकणाऱ्या गटाची, व्याख्या असते, बहुतेकदा एकच लांबलचक वाक्य. ते शब्दन्‌शब्द वाचा, दोनदा वाचा. त्यात ठरावीक कालावधी असतो. पुष्कळदा ठरावीक शाखाच असतात, कारण चूक एखाद्या प्रकारच्या बिलिंग यंत्राची असते आणि ती यंत्रं सगळ्या दुकानांत नसतात. काही ठिकाणी फक्त वैयक्तिक कार्डं धरतात, म्हणजे कंपनीच्या कार्डाने भरलेलं जेवणाचं बिल बाहेर. क्लेम दर माणशी एक, दर व्यवहाराला एक की दर घराला एक, हेही तिथेच लिहिलेलं असतं. एकाच घरातून चार फॉर्म गेले आणि नियम घराला एकाचा असला तर चारही तपासणीत अडकतात.

पावती यंत्रावर छापलेली आणि तुम्हाला दिलेली हवी. सही करून दुकानात ठेवून घेतलेली प्रत या कलमात येत नाही. हाताने लिहिलेली पावती किंवा जुन्या पद्धतीने कार्बनवर उमटवलेला कार्डाचा ठसाही येत नाही. ई-मेलने किंवा पडद्यावर आलेली पावती? सातव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे अमेरिकेतल्या केंद्रीय अपील कोर्टाचा विभाग) अपील कोर्टाने २०१० मध्ये आणि नवव्याने २०११ मध्ये सांगितलं की ती ‘छापलेली’ पावती नव्हे. त्यामुळे ऑनलाइन खरेदीचे स्क्रीनशॉट जोडून वेळ घालवू नका.

नावाचा घोळ आपल्याकडच्या लोकांचा खास. कार्डावर तिन्ही नावं, पासपोर्टवर वेगळा क्रम, लग्नानंतर बदललेलं आडनाव आणि फॉर्मवर घरात वापरतात ते नाव. फॉर्मवर कार्डावरचंच नाव घाला. पैसे मात्र बँक खात्यावरच्या नावाने हवेत. दोन्ही जुळत नसतील तर प्रशासकाला, म्हणजे क्लेम तपासून पैसे वाटणाऱ्या संस्थेला, आधीच लेखी कळवा. कार्ड नवऱ्याच्या खात्यावरचं असलं तरी बायकोच्या नावाचं स्वतंत्र कार्ड वापरलं असेल, तर त्या कार्डावर जिचं नाव तिचा क्लेम.

कुणाकडेच नसलेला कागद

तो म्हणजे मूळ पावती. थर्मल कागदावरची, म्हणजे उष्णतेने उमटवलेली, अक्षरं काही महिन्यांत उडू शकतात, गाडीच्या काचेखाली ठेवली तर त्याआधीच. ज्या कागदावर आक्षेप, तोच कागद ग्राहकाने वर्षानुवर्षं जपून ठेवावा ही अपेक्षा कुणाच्या डोक्यातून निघते कोण जाणे. सुदैवाने बऱ्याच सेटलमेंटमध्ये पावतीऐवजी कार्डाचं स्टेटमेंट चालतं. त्यावर दुकानाचं नाव, तारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे एकाच पानावर दिसले पाहिजेत. बाकीचे व्यवहार काळे करा, पण त्या तीन गोष्टी काळ्या करू नका. तोही प्रकार नेहमी होतो. पावती जपलेली असेलच तर लगेच स्कॅन करा. प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, त्यात अक्षरं आणखी लवकर जाऊ शकतात.

शेवटचे चार आकडे भरताना दोन खड्डे आहेत. कार्ड हरवून नवीन आलं असेल तर फॉर्ममध्ये खरेदीच्या वेळी वापरलेल्या जुन्या कार्डाचे आकडे लागतात. आणि पैसे फोन टेकवून दिले असतील, म्हणजे ॲपल पे किंवा तत्सम काही, तर पावतीवर प्लास्टिकच्या कार्डाचे नव्हे तर फोनमधल्या आभासी क्रमांकाचे आकडे येतात. ते वेगळे असतात. फोनच्या वॉलेटमध्ये त्या कार्डाच्या तपशिलात सापडतात. न जुळणारे आकडे दिसले की क्लेम ‘त्रुटी’च्या ढिगात जातो.

अमेरिकेतलं खातं बंद करून परतलेल्यांना ऑनलाइन स्टेटमेंट दिसत नाही. बँकेला जुन्या खात्याचा क्रमांक देऊन लेखी मागणी करावी लागते आणि त्याला आठवडे लागतात, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्या.

दुकानाला रोखीच्या गिऱ्हाइकासारखंच कार्डवाल्याचंही नाव-पत्ता बहुधा माहीत नसतो. त्यामुळे हजारो पात्र लोकांना नोटिशीचं पोस्टकार्ड, आणि त्यावरचा क्लेम क्रमांक, येतच नाही. फॉर्मवर क्लेम क्रमांक आणि पिन मागितला म्हणून मागे फिरू नका. ‘मला नोटीस मिळाली नाही’ असा पर्याय आहे का ते बघा. नसेल तर प्रशासकाला ई-मेल करून क्रमांक मागा.

तारखा

अमेरिकेत ०३/०४ म्हणजे ४ मार्च. ३ एप्रिल नव्हे. या एका सवयीपायी पूर्ण महिना हातचा जातो.

एका नोटिशीत चार तारखा असतात: क्लासमधून स्वतःला वगळून घेण्याची, आक्षेप नोंदवण्याची, क्लेमची आणि कोर्टातल्या अंतिम सुनावणीची. सुनावणीची तारीख ठळक छापलेली असते, लोक तीच शेवटची समजतात. क्लेमची मुदत त्याआधीच संपलेली असू शकते. टपालाने पाठवणार असाल तर ‘पोस्टमार्क’ त्या तारखेचा हवा की पाकीट त्या तारखेपर्यंत पोहोचायला हवं, हे तपासा. भारतातून पाठवताना टपालाच्या नादी न लागलेलं बरं, ऑनलाइनच भरा. मुदत रात्री ११:५९ ईस्टर्न (न्यूयॉर्कची) वेळ असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९ वाजलेले असतात, हिवाळ्यात १०:२९.

फॉर्म भरणं दहा मिनिटांचं काम. शेवटी खोटं सांगितल्यास शिक्षेस पात्र, अशा शपथेवर सही असते. ती गंमत नाही. न केलेली खरेदी लिहू नका.

भरल्यावर येणारा पुष्टी क्रमांक जपा. त्रुटी असल्यास एक पत्र किंवा ई-मेल येतो, बहुतेकदा स्पॅममध्ये, आणि उत्तराला मोजके दिवस असतात. दुसरी आठवण सहसा येत नाही.

काहीच न केलं तर

हा सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. गप्प बसलं म्हणजे आपण खटल्याबाहेर, असं नाही. तुम्ही क्लासमध्ये बसत असाल आणि काहीच केलं नाही, तर पैसे मिळत नाहीतच, वर त्या दुकानावर याच कारणासाठी दावा करण्याचा हक्कही जातो. बाहेर पडायचं असेल तर मुदतीत स्वतःच्या सहीने वगळण्याची विनंती द्यावी लागते. वगळून घेतलं की आक्षेप घेता येत नाही आणि क्लेमही करता येत नाही.

किती आणि कधी

गोडायव्हा चॉकलेटच्या दुकानांवरचा खटला बघा. तिथे पावतीवर पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे छापले जात होते. ६३ लाख डॉलरची सेटलमेंट ठरली, क्लासमध्ये सुमारे ३ लाख १८ हजार लोक, वकिलांचा वाटा २१ लाख. उरलेले ४२ लाख सगळ्यांनी मागितले असते तर प्रत्येकी १३ डॉलरच्या आसपास, तेही प्रशासनाचा खर्च वजा न करता. कमी लोकांनी मागितले तर वाटा वाढतो, म्हणून सुरुवातीच्या बातमीतल्या कुठल्याच रकमेवर भरवसा ठेवू नका.

आणि याच खटल्यात मंजूर झालेली सेटलमेंट अकराव्या सर्किटच्या पूर्णपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये रद्द केली. पावतीवर जादा आकडे छापल्याने ग्राहकाचं प्रत्यक्ष काय नुकसान झालं, ते दाखवलेलं नाही, म्हणून केंद्रीय कोर्टाला अधिकारच नाही, असं म्हणून. क्लेम करणाऱ्यांची चूक काडीचीही नव्हती. अंतिम मंजुरीनंतरही अपील झालं तर पैसे वर्षानुवर्षं थांबतात, कधी येतच नाहीत. प्रशासकाला दर आठवड्याला ई-मेल करून काही हलत नाही.

पैसे मागणारा प्रशासक खोटा

क्लेम भरायला फी नसते. संपूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही किंवा बँकेचा पासवर्ड कुणी मागितला तर खिडकी बंद करा. कार्डाचे आकडे उघडे पडले म्हणून भरपाई मागताना सोळाच्या सोळा आकडे अनोळखी साइटवर देणारे लोक आहेत. नोटिशीवर कोर्टाचं नाव आणि खटला क्रमांक असतो. केंद्रीय कोर्टातला असेल तर तो ‘पेसर’ या सरकारी प्रणालीवर शोधता येतो. पानाला १० सेंट लागतात, तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचा वापर माफ.

पैसे घेण्याचा पर्याय मिळाला तर चेक शक्यतो टाळा. चेकवर बाद होण्याची तारीख छापलेली असते, आणि तो जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर पडून राहतो. भारतातल्या बँकेत डॉलरचा चेक वटवायला आठवडे लागतात, आणि छोट्या रकमेत बँकेचं शुल्कच चेकपेक्षा जास्त निघू शकतं. पत्ता बदलला असेल तर प्रशासकाला वेगळं कळवा, कारण टपाल खात्याला कळवलेला बदल त्याच्याकडे पोहोचेलच असं नाही. चेक बाद झालाच तर नवा मागण्याची मुदतही नोटिशीत दिलेली असते का ते पाहा, आणि मागणी लेखीच करा.